बिछायतवाल्याची सरपंचकी

११ फेब्रुवारी २००० रोजी कवडू हटवारने सतरा हजार सहाशे पन्नास रुपये देऊन भंडाऱ्यातल्या एका बिछायतवाल्याचा सगळा माल उचलला. पितळेचे तीन मोठे गंज, साठ लोखंडी खुर्च्या, आठ सतरंज्या, चार कनाती, एक ताडपत्री आणि दोन भोंगे. गोंदिया वेगळा जिल्हा होऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. त्या दुकानदाराची कमाई सरकारी कार्यक्रमांच्या मांडवांवर होती. निम्मे कार्यक्रम तिकडे गेले तसा तोही तिकडे चालला होता, आणि जुना माल ट्रकभाडं भरून न्यायची त्याची तयारी नव्हती. कवडूने घासाघीस केली नाही. त्याने फक्त प्रत्येक खुर्चीवर एकेकदा बसून पाहिलं. दोन खुर्च्या करकरल्या. त्या त्याने बाजूला काढल्या आणि थोडा विचार करून परत मालात ठेवल्या.

"घरच्या माणसाईले कामी येतीन," तो म्हणाला.

अशा रीतीने लाखांदूर तालुक्यातल्या करंजटोल्यात 'हटवार बिछायत केंद्र' सुरू झालं. गाव लहान. चारी बाजूंनी धानाच्या बांध्या, एका अंगाला जुना मालगुजारी तलाव, आणि दिवसातून दोनदा येणारी एस.टी. अशा गावात बिछायतवाल्याला सगळ्यांच्या घरातलं सगळं कळतं. कोणाकडे पाहुणे जास्त येतात, कोणाचा भाऊ लग्नाला येऊनही जेवत नाही, कोणाच्या सतरंजीवर कोण बसत नाही. कवडूला हे सगळं ठाऊक होतं, पण त्याच्या तोंडून कधी काही बाहेर पडलं नाही. त्याच खुर्च्या विहारासमोरच्या लग्नात लागत, त्याच हनुमंताच्या देवळासमोरच्या लग्नात. तेरवीच्या मांडवाचं भाडं तो घेत नसे. कोणी द्यायला गेलं तर म्हणे, "राहू द्या जी, लगनात घेतो." आणि लग्नात तो तेवढंच घेई, जेवढं ठरलं असेल.

राजकारणात तो आला तो दुसऱ्यांच्या सोयीसाठी. २००२ च्या ग्रामपंचायत निवडणुकीत त्याच्या वॉर्डात दोन चुलत भाऊ उभे राहायला निघाले आणि घरात भांडी फुटायची वेळ आली. मोठ्यांनी दोघांनाही बसवलं आणि कवडूचं नाव पुढे केलं. त्याने प्रचार केला नाही, कारण त्या आठवड्यात त्याच्याकडे तीन लग्नं होती. एकदाच तो भोंग्यात बोलला, तेही दुसऱ्या एका उमेदवाराच्या सभेला भोंगे लावून देताना. "हॅलो, हॅलो, आवाज येऊन राहिला का?" असं त्याने विचारलं, आणि आवाज ओळखून समोर बसलेल्या बायांनी टाळ्या वाजवल्या. तो निवडून आला.

मेंबर नऊ. चार एका बाजूला, चार दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये कवडू. एका बाजूचा म्होरक्या धनीराम कापगते. तलावाला लागून त्याच्या चौदा एकर बांध्या होत्या, आवाज मोठा होता, आणि सरपंच व्हायची इच्छा त्याहून मोठी. पण चार मतांत ते जमत नव्हतं. दोन दिवस ओढाताण झाली. शेवटी धनीरामनेच कवडूचं नाव सुचवलं.

"खुर्च्यावाला खुर्चीत बसला तं काय बिघडते?" तो आपल्या माणसांना म्हणाला. "उचल म्हटलं का उचलून घेईल. सवय हाय त्याले."

हे बोलणं कवडूच्या बायकोपर्यंत, कलाबाईपर्यंत, त्याच संध्याकाळी पोचलं. तिने ते कवडूला जसंच्या तसं सांगितलं. कवडू हसला. म्हणाला, "खोटं थोडीच हाय."

सरपंच म्हणून त्याच्यापुढे पहिली अडचण आली ती ग्रामसभेची. करंजटोल्यात ग्रामसभेला माणसं येत नसत. ग्रामसेवक, कोतवाल आणि उन्हाला आलेले दोन म्हातारे, एवढ्यावर सभा तहकूब व्हायची. कवडूला यावर एकच उपाय माहीत होता. २६ जानेवारीला त्याने शाळेसमोर मांडव टाकला, कनाती लावल्या, सतरंज्या अंथरल्या आणि सकाळी भोंगे सुरू केले. गाव लोटलं. बाया नवी लुगडी नेसून आल्या. माणसं अंघोळी करून, लेकरं हाताला धरून आली. आणि आल्या आल्या सगळी जणं, कोणी न सांगता, समोरासमोर ओळी करून मांडी घालून बसली. टेबलाकडे कोणाचं तोंड नाही. ग्रामसेवक विषयपत्रिका वाचू लागला तर एक म्हातारी शेजारणीला म्हणाली, "लवकर आटोप म्हणाव त्याले. पानं कवा टाकतीन?"

कवडूने डोक्याला हात लावला. मांडव पडला म्हणजे पंगत आहे, हे त्यानेच तीन वर्षं गावाला शिकवलं होतं. आता एवढ्या लोकांना उपाशी परत कसं पाठवायचं? त्याने कलाबाईकडे पाहिलं. कलाबाईने कपाळाला आठ्या घातल्या, पदर खोचला आणि मोठ्या गंजाखाली जाळ केला. भात शिजेपर्यंत सभा चालली. वाट पाहत बसलेल्या लोकांनी वेळ जावा म्हणून प्रश्न विचारले आणि प्रश्नांतून तीन ठराव झाले. तालुक्यातून आलेल्या विस्तार अधिकाऱ्याने एवढी मोठी ग्रामसभा कधी पाहिली नव्हती. तोही पंगतीला बसला.

तेव्हापासून करंजटोल्यात ग्रामसभेला आलूपोहा ठरलेला. खर्च कवडूचा.

दुसरं काम त्याने केलं ते पाण्याचं, आणि त्यामुळेच पुढचं सगळं घडलं. धान निसवायच्या वेळी पाऊस दडी मारतो, तेव्हा तलावाचं तुडूम, म्हणजे पाणी सोडायचं दार, उघडून बांध्यांना पाणी देतात. वर्षानुवर्षं ते पाणी तलावाजवळच्या बांध्यांपासून सुरू व्हायचं. जवळच्यांची तहान भागेपर्यंत तलावाचा तळ दिसायला लागे आणि टोकाच्या लोकांचा धान उभ्या उभ्या पांढरा पडे. कवडूने ग्रामसभेत, आलूपोहा वाटायच्या आधी, ठराव घेतला की पाणी टोकापासून द्यायचं. हात वर झाले. टोकाची माणसं जास्त होती. धनीराम एकटा उठून उभा राहिला.

"तुडुमाले लागून माझी बांधी, अन् मी शेवटी पाणी घेऊ?"

"तुमचं तं पाझरूनही भिजते, धनीरामभाऊ," कवडू म्हणाला. "टोकाले काय पाझरते? घाम."

लोक हसले. धनीराम बसला, पण त्या दिवशी त्याने आलूपोहा घेतला नाही.

हसू आलं की कवडूला पुढे थांबता येत नसे. हा त्याचा दोष होता. त्याच सभेत त्याने आणखी एक गंमत केली. मेंबर हिरालाल नंदेश्वर गवंडी होता. हात सफाईचा, स्वभाव अबोल, चार माणसांत मान असलेला. शाळेजवळचं पाण्याचं टाकं त्याने बांधलं होतं आणि त्याला एका कोपऱ्यात ओल आली होती. कवडू भोंग्यात म्हणाला, "हिरालालच्या टाक्यात पाणी सोडून बाकी सारं थांबते." सगळा मांडव खदखदला. हिरालालने खाली पाहिलं. दुसऱ्या दिवशी त्याने स्वतःचं सिमेंट आणून तो कोपरा दुरुस्त केला, आणि त्यानंतर तो कवडूशी कामापुरतंच बोलू लागला. तोवर तो कवडूच्या बाजूचा होता.

कवडूच्या ते लक्षात आलं नाही असं नाही. पण आज बोलू, उद्या बोलू, असं करता करता दोन वर्षं गेली.

एप्रिल २००५ मध्ये धनीरामकडे सहा मेंबर झाले. स्वतः धरून सहा. सरपंचाला खाली उतरवायला सहाच लागत होते, एक कमी नाही. सहावा हिरालाल होता. धनीरामने अविश्वासाचा अर्ज दिला. त्यात लिहिलं होतं की सरपंच ग्रामपंचायतीच्या कामात घरची बिछायत वापरतात.

"भाडं कुठी घेतलं मी?" कवडूने त्याला चावडीजवळ गाठून विचारलं.

"तेच तं! भाडं नाई घेतलं म्हून लोकं तुया पाठीमागं फिरून राहिले. फुकटाचा मांडव अन् फुकटाचे पोहे. माझी बांधी कोरडी गेली त्याच्यात."

"अन् राखीच्या लगनाचा मांडव?"

राखी ही धनीरामची एकुलती एक मुलगी. तिचं लग्न मे महिन्यात ठरलं होतं आणि बिछायत कवडूचीच होती, चार महिन्यांपूर्वी ठरलेली.

"तो येगळा," धनीराम म्हणाला. "त्याचं भाडं देऊन राहिलो मी."

धनीरामचा हिशेब असा की सभा लग्नाच्या आधी होऊन जाईल आणि लग्नात तो होणारा सरपंच म्हणून मिरवेल. पण तहसीलदारांनी सभेची तारीख लावली ती नेमकी राखीच्या लग्नाची. लग्न संध्याकाळी गोरज मुहूर्तावर, सभा दुपारी दोनला. एवढ्यावर भागलं नाही. सभेच्या आधी मेंबर गावात ठेवायचे नाहीत, ही रीत. नाहीतर कोणी तरी येऊन कानात काही सांगून फोडतो. म्हणून लग्नाला चार दिवस उरले असताना वधूपिता पाच मेंबरांना जीपमध्ये घालून रामटेकला निघून गेला. लग्नाच्या आदल्या रात्री परतायचं ठरलं होतं. पण एक रात्रसुद्धा यांना गावात झोपू द्यायला नको, असं त्याच्या मनाने घेतलं, आणि त्याने लग्नाच्याच दिवशी पहाटे निघायचं ठरवलं.

"पोरीचं लगन सोडून मेंबर चारत फिरते हा माणूस," त्याची बायको रत्नाबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती. घरातला सगळा भार तिच्यावर. मांडव, पाण्याचे ड्रम, आचारी, सगळं ती कवडूला विचारून करत होती. दुसरं कोणाला विचारणार?

लग्नाच्या दिवशी सकाळी नऊच्या सुमारास कवडू शिडीवर चढून कनातीच्या गाठी मारत होता. खाली कलाबाई आचाऱ्याबरोबर गंजाजवळ उभी होती. त्याच्या बाजूची मेंबर सुलोचनाबाई, वयाने मोठी, भाजी निवडायला बसली होती. तेवढ्यात रत्नाबाई धावत आली.

"कवडूभाऊ, यायची गाडी बसली म्हंते! अड्याळच्या अल्याड. पाटा तुटला. किराणा दुकानात फोन आला होता."

"मंग एस.टी.नं याव म्हणा, वहिनी."

"एस.टी. लगनाच्या लोकाईनं भरून होती, थांबलीच नाई. दुसरी दोनले हाय. अन् मांडवपूजेले बाप पाह्यजे. भटजी बारा म्हणून राहिले. पोरगी सकाळपासून तोंडात पाणी नाई घेऊन राहिली, बाबा आल्याबिगर घेत नाई म्हंते."

गावातली बाकीची वाहनं वऱ्हाड आणायला गेली होती. उभा होता तो कवडूचा टेम्पो. रत्नाबाईने तो पाहिला, कवडूकडे पाहिलं, आणि तिला एकदम आठवलं की त्या जीपमध्ये कोण कोण आहे. तिचं तोंड उतरलं. टेम्पो न मागताच ती आत गेली.

ती गेल्याबरोबर सुलोचनाबाई शिडीशी आली.

"कवडू, खाली उतरू नको. दोन वाजेपर्यंत गाठी मारत राह्य. ते सहा जणं आले नाई का ठराव पडला. मंग सालभर परत अर्ज देता येत नाई, तुले कोणी हात लावत नाई."

"अन् पोरगी?"

"लगन संध्याकाळी हाय ना. दोनच्या मंगं जाय, घेऊन ये. लगनाले बाप बी हजर, अन् तू बी सरपंच. कोण तुले नाव ठेवते?"

"पूजा बाराले हाय, मावशी."

"काका बसते पूजेले. मामा हाय. बाप्पा, बाप मेल्यावर पोरीईचे लगनं होत नाई का?"

कवडूने एक गाठ मारली. ती सुटली. त्याने परत मारली. सुलोचनाबाईच्या बोलण्यात चूक कुठे आहे ते त्याला सापडेना. सरपंचकी गेली तर पाणीही जाईल, हे त्याला कळत होतं. धनीराम सरपंच झाला की पुन्हा तुडुमापासून पाणी, आणि टोकाला तोच पांढरा धान. त्याने खाली कलाबाईकडे पाहिलं.

"मले इचारू नका जी," कलाबाई वर न पाहता म्हणाली. "माझ्या भाताले आधन येऊन राहिलं."

आतून राखीला कोणी तरी पाणी पी म्हणून दटावत होतं. कवडू शिडीवरून उतरला. टेम्पोत अजून चाळीस खुर्च्या उतरवायच्या होत्या. त्या तशाच ठेवून त्याने टेम्पो सुरू केला.

"गेला!" सुलोचनाबाईने निवडलेली भाजी न निवडलेल्या भाजीत टाकून दिली. "आपल्याच पायानं गेला, वं माय!"

वैनगंगेचा पूल ओलांडून, पवनी मागे टाकून, कवडू अड्याळच्या अलीकडे पोचला तेव्हा सहाही जण एका मोहाच्या झाडाखाली घाम पुसत उभे होते. टेम्पो ओळखून धनीराम दोन पावलं मागे सरला.

"कोणं पाठवलं तुले?"

"वहिनीनं."

"अन् तू आला?"

"नाई, अजून घरीच हावो. बसा लवकर, भटजी बाराले निघून जाईल."

धनीरामने घड्याळ पाहिलं. शेवटी त्याने मेंबरांना हुकूम सोडला. "मांगं बसा सारे. खुर्च्याईवर बसा. अन् याच्याशी कोणी बोलू नका."

"बोलत नाई," एक मेंबर वर चढता चढता म्हणाला, "पण खुर्च्या बी त्याच्याच हायत ना, भाऊ."

टेम्पोच्या पाठीमागे पाच मेंबर पाच खुर्च्यांवर, एखाद्या मिरवणुकीत बसल्यासारखे, दांड्याला धरून बसले. धनीराम पुढे कवडूशेजारी. धनीरामने दोनदा मागे वळून मेंबर मोजले.

"तुले मालूम हाय ना, तू कोणाले घेऊन चालला?" धनीरामने शेवटी विचारलं.

"मालूम हाय."

"मंग?"

"मंग काय? मांडव माझा हाय. पूजेले बाप नसला तं लोकं म्हणतीन, कवडूच्या मांडवात काहीतरी खोट होती."

"रस्त्यात कुठी फिरवून दोन वाजवशील असं वाटलं मले."

"मले बी वाटलं होतं," कवडू म्हणाला. "पण उन्ह लय हाय."

पवनीजवळ इंजिन तापलं. टेम्पो झाडाखाली घ्यावा लागला. बाकीचे चहाच्या टपरीकडे वळले. हिरालाल मात्र न सांगता नळावर गेला, बादली भरून आणली आणि रेडिएटरमध्ये हळूहळू पाणी ओतू लागला. झाकण कवडूच्या हातात होतं. दोघांत हातभराचं अंतर, आणि आसपास कोणी नाही.

कवडूला सगळं लख्ख दिसत होतं. याने हात वर केला नाही तर सहाचे पाच होतात. आणि याला काय हवं तेही त्याला दोन वर्षांपासून माहीत होतं. एक शब्द. चुकलो, एवढाच. तो शब्द खराही होता. कवडूच्या जिभेवर तो आलाही. पण आज, या घटकेला, तो शब्द मतासाठी काढला असं दिसेल. हिरालाललाही तसंच वाटेल, आणि आयुष्यभर वाटत राहील. दोन वर्षं जी माफी फुकट देता आली असती, तिची आज किंमत झाली होती.

"रेडिएटर जुना हाय," कवडू म्हणाला.

"हो," हिरालाल म्हणाला. बादली रिकामी झाली तरी तो उभा राहिला. "अजून काही?"

"नाई. चाल."

हिरालालने बादली नळाजवळ नेऊन ठेवली आणि तो खुर्चीवर जाऊन बसला.

पूजा वेळेवर झाली. धनीराम घामेजल्या सदऱ्यानेच पाटावर बसला. राखीने पाणी घेतलं. दोन वाजता ग्रामपंचायतीत तहसीलदारांनी ठराव वाचला आणि बाजूने असणाऱ्यांना हात वर करायला सांगितलं. पाच हात एकदम वर गेले. तहसीलदारांनी मान वर करून पाहिलं. हिरालालने खिडकीबाहेर पाहिलं, मग कवडूकडे पाहिलं, आणि सावकाश हात वर केला. सहा. सुलोचनाबाईने पदर तोंडाशी धरला. कवडूने सही केली, ग्रामपंचायतीच्या किल्ल्या टेबलावर ठेवल्या आणि विचारलं, "झालं का जी? मले चाळीस खुर्च्या उतरवाच्या हायत."

चार वाजता वरात शिवेवर आली. तिथे गावच्या सरपंचाने नवऱ्याच्या बापाला हार घालायचा, अशी पद्धत. हार तयार होता, घालणारा नव्हता. नवऱ्याचा बाप इकडे तिकडे पाहू लागला.

"सरपंच कोण हायत तुमच्या गावचे?"

सगळे धनीरामकडे बघू लागले. नवा सरपंच अजून निवडायचा होता. उपसरपंच उन्हाने आडवा झाला होता. धनीरामने घसा खाकरला आणि डोक्यावर दोन खुर्च्या घेऊन चाललेल्या कवडूला हाक मारली.

"हे आमचे सरपंच."

"माजी," कवडू खुर्च्या खाली ठेवत म्हणाला.

"कवापासून?"

"दोन घंटे झाले," कवडू म्हणाला आणि त्याने हार घातला. नवऱ्याच्या बापाला वाटलं, या गावात थट्टा जरा जास्तच चालते.

दिवे लागायच्या सुमारास पंगत बसली. हिरालाल ओळीत शेवटी होता. कवडू बुंदीचं घमेलं घेऊन त्याच्यापुढे आला आणि थांबला.

"हिरालाल, त्या टाक्याचं मी भोंग्यात बोललो, ते चुकलं माझं. तुया कामाची मस्करी कराले नोको होती."

हिरालालचा घास हातातच राहिला.

"हे तू पवनीले काहून नाई बोलला? मी रिकामी बादली घेऊन उभा होतो ना तुयापुढं!"

"तवा बोललो असतो तं मतासाठी बोललो असं झालं असतं."

"झालं असतं तं झालं असतं! मी हात नसता वर केला ना, बाप्पा! साऱ्या रस्त्यानं वाट पाहून राहिलो होतो मी, हा आता बोलते, मंग बोलते."

"म्हूनच नाई बोललो," कवडू म्हणाला. "बुंदी वाढू?"

हिरालालने पान पुढे सरकवलं.

"वाढ. अजून वाढ."

जूनमध्ये धनीराम सरपंच झाला. त्याच्या निवडीच्या कार्यक्रमाला मांडव कवडूचाच होता. त्या वर्षी ऑक्टोबरात पावसाने ओढ दिली आणि तुडूम उघडायची वेळ आली. तलावाच्या पारीवर, म्हणजे बांधावर, गाव जमलं. कोतवालाने नव्या सरपंचाला विचारलं, पाणी कुठून सुरू करायचं. धनीरामने आधी आपल्या बांध्यांकडे पाहिलं. त्याची जमीन तुडुमाला लागून होती, तडे गेलेली.

"जसं चालू हाय तसंच चालू द्या," तो म्हणाला. कारण त्याने सांगितलं नाही आणि कोणी विचारलंही नाही. टोकाच्या लोकांनी आधी पाणी घेतलं.

कवडू पुढे आणखी दोनदा निवडणुकीला उभा राहिला. एकदा पडला. २०१२ मध्ये निवडून आला आणि सुलोचनाबाई सरपंच झाली तेव्हा तिचा उपसरपंच झाला. पाच वर्षं ती त्याला भर सभेत ऐकवायची, "हा माणूस कुठी टेम्पो घेऊन निघाला तं मले आधी सांगजा." हिरालाल त्या मंडळात कवडूच्या शेजारी बसायचा. बोलणं आजही कमीच, पण कवडूच्या गोदामाचा ओटा त्याने स्वतः बांधून दिला आणि मजुरी म्हणून फक्त चहा घेतला.

आता बिछायत कवडूचा मुलगा अमर पाहतो. लोखंडी खुर्च्या गेल्या, प्लास्टिकच्या आल्या. पितळेचे गंज मात्र कलाबाई कोणाला विकू देत नाही. कवडू साठीच्या पुढे गेला आहे. गुडघ्यामुळे शिडीवर चढत नाही, खालून गाठी दाखवतो. त्याच्यानंतर करंजटोल्याला पाच सरपंच झाले, पण त्यांना गाव नावानेच हाक मारतं. 'सरपंच' म्हणून हाक आली की अजून कवडूच मान वळवतो, आणि समोरच्यालाही तोच हवा असतो.

राखीच्या लग्नाच्या बिछायतीचं भाडं धनीरामने आठ दिवसांत चुकतं केलं. वऱ्हाडाने मोडलेल्या तीन खुर्च्यांचेही पैसे दिले. अड्याळच्या फेरीला दोनशे चाळीस रुपयांचं डिझेल लागलं होतं. ते पैसे अजून यायचे आहेत.